गॅसच्या गाडीचं नाक

त्यांनी मला माझ्या नावानं कधीच हाक मारली नाही. ते मला ‘नाक’ म्हणायचे.

“नाक आलं का?” सकाळी मी गोदामाच्या शटरपाशी पोचले की आतून आवाज यायचा. डबा खायच्या वेळी, “नाक जेवलं का?” आणि मी कॉलेजला निघाले की, “नाक चाल्लं. आता गाडी बंद.” खरोखरच गाडी बंद व्हायची. मी फाटकाबाहेर पडायच्या आत ते फोर्कलिफ्टवरून उतरलेले असत. पुढचे कट्टे, म्हणजे तांदळाची पोती, मग हमाल पाठीवर वाहत आणि वाहताना मला शिव्या देत असणार, असं मला वाटे.

आमचं गोदाम मोहाडीहून तुमसरला जाताना लागतं. तांदळाचं आहे. आधी तिथं डिझेलवर चालणारी फोर्कलिफ्ट होती, पण बंद गोदामात तिचा धूर कोंडायचा आणि तांदळाला वास लागायचा. बाहेरच्या राज्यातल्या व्यापाऱ्यांनी माल परत केला, तेव्हा मालकानं गॅसवर चालणारी जुनी गाडी विकत आणली. ती चालवायला शिकलेला एकच माणूस तालुक्यात होता, तो म्हणजे हे. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांचं वय तेव्हा साठीच्या आसपास असावं. ‘असावं’ हा शब्द मी लिहिला, हे त्यांना आवडणार नाही.

अडचण एकच होती. कोरोनाच्या तापात त्यांचा वास गेला आणि तो परत आलाच नाही. बाकी माणूस ठणठणीत. पण गॅसच्या गाडीवर नाक नसलेला माणूस म्हणजे काय, हे मला त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं.

“गॅसले आपला वास राहत नाई. त्याच्यात घाण वासाचं औषध टाकते कंपनी. काहून? गळला तर मानसाले समजावं म्हनून. आता मले समजत नाई. म्हंजे माझ्यासाठी तो गॅस मुका आहे. अन् तू माझी बोलनारी. समजलं?”

“हो, समजलं असं वाटतं.”

“इथंच मार खाशील तू,” ते म्हणाले.

वास येत नसलेला माणूस गॅसच्या गाडीवर बसतो, हे मालकाचं गोदाम भाड्यानं घेतलेल्या कंपनीला कळलं असतं तर त्यांना त्याच दिवशी खाली उतरवलं असतं. मालकाच्या मॅनेजर साहेबांना ते माहीत होतं. त्यांनी तोड काढली. चांगल्या नाकाचं एक माणूस कायम गाडीजवळ पाहिजे, ते असेल तोवर गाडी चालू. कागदोपत्री मी ‘शिकाऊ ऑपरेटर’ होते, आणि त्यांनी मला चालवायला शिकवलंही. पण खरी नेमणूक नाकाची होती. “या खुर्चीवरून उतरलो ना,” ते सीटवर थाप मारून म्हणायचे, “का मी निस्ता म्हातारा. वर आहो तोवर ऑपरेटर.”

माझी निवड त्यांनी स्वतः केली. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर वाचून आम्ही बऱ्याच मुली आणि मुलं आलो होतो. मला वाटलं होतं की गणित विचारतील. त्यांनी बाकावर झाकणं लावलेले डबे मांडले होते. डोळ्यांना रुमाल बांधून एकेक डबा नाकापाशी धरला. मी सांगत गेले. भिजवलेली लाखोळी डाळ वाटते. रॉकेल वाटतं. हे मोहफूल वाटतं, वाळवलेलं. हा काहीच नाही, रिकामा वाटतो.

रुमाल सोडल्यावर ते मॅनेजर साहेबांना म्हणाले, “नाक चांगलं आहे हिचं. तोंडच खराब आहे.”

मी घाबरून तोंडावर हात ठेवला. ते हसले. “तसं नाई वो पोरी. सारं बरोबर सांगतलं तू, पन दर खेपेले ‘वाटते’. गॅस गळून राहिला असन तवा मले ‘वाटते’ म्हनशील तर मी काय करू? अर्धी गाडी बंद करू?”

त्या दिवसापासून गोदामात माझ्यासाठी ‘वाटते’ हा शब्द बंद झाला. येते, नाहीतर नाही येत. तिसरं उत्तर चालायचं नाही. आमच्या घरात मी पहिलीच कॉलेजात गेले. वर्गात उत्तर येत असलं तरी मी आधी मनात तीनदा घोळते आणि तोवर दुसरं कुणी सांगून मोकळं होतं. एका शब्दात उत्तर देणं मला किती जड जायचं, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना दिसत असावं.

सराव ते जेवणाच्या डब्यावर करून घ्यायचे. वास गेला म्हणजे चवही गेली. त्यांना फक्त तिखट झोंबायचं आणि मीठ कळायचं. म्हणून बायकोनं दिलेला डबा उघडला की तो माझ्यासमोर सरकवायचे.

“सांग, काय दिलं आज?”

“वांग्याची भाजी वाट...” 

“वांगं आहे का नाई?”

“आहे.”

“कसं आहे?”

“जवसाचं कूट घातलंय. खाली थोडं लागलंय.”

“लागलं?” त्यांचा चेहरा उजळायचा. “म्हंजे मोबाईलवर बोलत होती बुढी. अजून?”

“लसूण. जुना नाही, ओला.”

मग ते घास घेत आणि डोळे मिटून चावत. मला आधी वाटलं, माझी थट्टा करतात. पुढं लक्षात आलं, की मी सांगितलेलं ते खरंच खात होते. मी ‘ओला लसूण’ म्हटलं की त्यांच्या जबड्याची हालचाल बदलायची. माझ्या शब्दांवर कुणी असं जेवेल, हे मला नवीन होतं. मी घरी येताना बसमध्ये वासांसाठी शब्द जुळवत बसायचे. जिरं करपल्याचा वेगळा, जिरं नुसतं तडतडल्याचा वेगळा.

गाडीवर मात्र तेच गुरू होते, आणि गुरू म्हणून त्यांना काडीची नम्रता नव्हती. “भंडारा जिल्ह्यात माझ्यासारखा कोनी नाई,” हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत. हमाल म्हणायचे, “काका, जिल्ह्यात गॅसच्या गाड्याच किती?” ते म्हणायचे, “तेच म्हनतो मी.”

पण ती गाडी त्यांनी मला ज्या तऱ्हेनं समजावली, त्या तऱ्हेनं मला आजवर कुणी काही समजावलेलं नाही. पहिल्यांदा सिलिंडर. घरचा सिलिंडर उभा असतो, या गाडीचा मागच्या, तोल राखणाऱ्या लोखंडी वजनावर आडवा निजवलेला असतो. मी विचारलं, जागा पुरत नाही म्हणून का?

“नाई. तुमच्या गावाले बोडी आहे?”

होती. लहानसं तळं, धानाला पाणी देण्यापुरतं.

“बोडीत खाली पानी, वर हवा. सिलिंडरातबी तसंच. खाली पानी झालेला गॅस, वर वाफ. घरच्या चुलीले वरची वाफ पुरते, म्हनून तो उभा. गाडीले भूक मोठी. तिले खालचं पानी लागते. म्हनून आत एक नळी आहे, ते पार तळाले टेकते. पन कवा टेकते? सिलिंडर बरोबर कुशीवर निजला तवाच.” सिलिंडरच्या कड्याला एक भोक होतं आणि गाडीवर एक खुंटी. खुंटी भोकात बसली की नळी तळाशी गेली, असं समजायचं. “उलटा निजवशील तर नळी वर राहीन, वाफ ओढीन, अन् गाडी उचक्या देईन. जबरदस्ती करायची नाई. खुंटी बसली का आपोआप समजते.”

मग तो पातळ गॅस नळीतून पुढं जातो आणि इंजिनजवळच्या एका वाटोळ्या डब्यात शिरतो. तिथं इंजिनचं गरम पाणी त्याच्याभोवती फिरतं. त्या उबेनं पातळ गॅसची परत वाफ होते, हवेत मिसळते, ठिणगी पडते आणि गाडी चालते. म्हणून जानेवारीच्या सकाळी ते गाडी सुरू करून नुसते बसून राहायचे. ट्रक दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मॅनेजर साहेब हात हलवताहेत, आणि हे हाताची घडी घालून. “पानी तापू द्या. थंड्या पोटी खाऊ घालसान तर डब्यावर बर्फ बसन.” तापमानाचा काटा हलला की मगच ते माल उचलायचे पुढचे लोखंडी सुळे वर नेत, पार छतापर्यंत, रिकामेच, आणि हळू खाली आणत. “आळस देऊ द्या तिले.”

काम संपल्यावर आधी चावी फिरवायची नाही, हा दुसरा नियम. आधी सिलिंडरच्या तोंडावरची फिरवायची चकती बंद करायची. मग इंजिन नळीत उरलेला गॅस खात खात आपोआप थांबायचं. “नळीत उष्टं ठेवाचं नाई,” ते म्हणत. आम्ही सगळे उभं राहून ती शेवटची धाप ऐकायचो. आवाज पातळ व्हायचा, एकदा अडखळायचा आणि थांबायचा. त्या क्षणी गोदामात कोणी बोलायचं नाही. नवीन हमाल बोलला तर जुने त्याला गप्प करायचे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गोदामात शिट्टी वाजवायची नाही, कारण गळणाऱ्या नळीचा आवाज तसाच असतो. हे मला पटायचं. पण गाडी उभी करताना तिचं तोंड आंबागड किल्ल्याच्या डोंगराकडंच पाहिजे, याला काही कारण नव्हतं. काका त्या किल्ल्याच्या पायथ्याचे. मी एकदा धीर करून विचारलं, असं का.

“मले बरं वाटते.”

“तुम्हीपण ‘वाटते’ म्हणता.”

“ते आवडीचं वाटते आहे,” ते क्षणभरही न थांबता म्हणाले. “वासाचं वाटते नाई.”

आणि चालवणं! फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळं शिकाऊ माणूस पुढं बघत राहतो आणि मागचं बूड भिंतीला घासतं. मी दोनदा घासलं. ते वळताना पुढं बघतही नसत, मागंही बघत नसत. ते कान देऊन बसत. कट्ट्यांखालच्या लाकडी पाटात सुळे शिरताना लाकडाला लोखंड लागल्याचा आवाज यायला नको, यावर त्यांची आणि हमालांची चढाओढ. हमाल श्वास धरून ऐकायचे. “लागलं, लागलं!” कोणी ओरडायचं. “तुझ्या दाताले लागलं असन,” ते वरून म्हणायचे. मी कितीही वेळा पाहिलं तरी मला ते पुन्हा पाहावंसं वाटायचं. एवढं मोठं लोखंड, आणि आवाज नाही.

आता त्या दिवसाचं सांगते.

आमच्या गोदामाला लागूनच उसन्या तांदळाची मिल आहे. उसना म्हणजे धान आधी भिजवून, वाफवून मग कांडलेला. धान टाक्यांत भिजत पडलं की त्याला आंबूस, सडका वास सुटतो. बाहेरून आलेला माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्ही लावत नाही. आमच्या भागात लहानपणापासून तो वास नाकात असतो, इतका की तो वास आहे हेच आम्ही विसरतो. माझ्या लक्षात आलं होतं, की गॅसमध्ये घातलेल्या त्या औषधाचा वास बराचसा तसाच आहे. मी काकांना सांगितलं होतं. ते गंभीर झाले होते. “म्हंजे इथं गॅस गळला तर लोक म्हनतीन, मिलचा वास आहे. अन् कामाले लागतीन.” थोडा वेळ विचार करून म्हणाले, “तुले फरक समजते का?”

“समजतो. उसन्याचा वास रुंद असतो. सगळीकडून येतो. गॅसचा एका बाजूनं येतो आणि टोचतो.”

“हे चांगलं सांगतलं,” ते म्हणाले. त्यांच्याकडून मिळालेली ती माझी पहिली शाबासकी.

कंपनीचे सुरक्षा अधिकारी नागपूरहून येणार होते. गाडी आणि ऑपरेटर, दोन्ही तपासून पुढं चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार होते. मॅनेजर साहेबांनी आदल्या दिवशीच काकांना बजावलं, “वासाचा विषय निघाला तर मान हलवा फक्त. बाकी मी बघतो.” 

थंडी खूप होती. सकाळी काकांनी नवा सिलिंडर चढवला, नळीच्या जोडावर गळती बघायला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा आला नाही. पाणी तापू दिलं. अधिकारी आले. तरुण होते, बोलायला चांगले, डोक्यावर पांढरं हेल्मेट. गाडीभोवती फिरले, ब्रेक बघितला, पट्टा बघितला. म्हणाले, आता माल उचलून दाखवा. काकांनी कट्ट्यांचा पाट उचलला. लाकडाचा आवाज आला नाही. अधिकाऱ्यांच्या भुवया वर गेल्या. मला इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या हमालाकडं बघितलं. तोही माझ्याकडंच बघत होता.

त्याच वेळी मला तो वास आला.

वारा मिलकडून होता. उसन्याचा वास होताच, भरपूर. पण त्याच्या आतून एक बारीक टोक निघाल्यासारखं काहीतरी येत होतं. गाडी पुढं गेली की कमी. गाडी जवळ आली की जास्त. मी पुन्हा श्वास घेतला. आता आलं नाही. पुन्हा घेतला. आलं. की आलं नाही?

मला माहीत होतं, मी बोलले तर काय होईल. काकांच्या तपासणीच्या दिवशी, अधिकाऱ्यांसमोर, गाडी बंद. आणि वास मिलचा निघाला तर? सगळं माझ्यामुळं. माझ्या तोंडात ‘वाटतंय’ तयार होतं. तेवढं म्हटलं असतं तर जबाबदारी अर्धी त्यांची झाली असती.

“काका,” मी ओरडले. आवाज फाटला. “येते!”

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाट खाली टेकवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या देखत, त्यांनी आधी चावी फिरवली. गाडी एकदम गप्प झाली. ते उतरले, मागं गेले आणि सिलिंडरची चकती आवळली. मग म्हणाले, “सारे बाहेर. कोनी बटन नोको दाबू. पंख्याचंबी नाई. सारे शटर वर करा, हातानं.”

“काय झालं?” अधिकारी म्हणाले.

“गॅस आहे साहेब.”

“अहो, हा मिलचा वास आहे. मी गाडीतून उतरलो तेव्हापासून येतोय.”

“हो ना,” मॅनेजर साहेब म्हणाले, “उसन्याचा आहे. इथं कायमच असतो.”

हमालही म्हणाले, “काका, उसनाच आहे. आमालेबी येऊन राहिला.”

काकांनी सगळ्यांना बाहेर काढलंच. बराच वेळ वारा खेळू दिला. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत बसून राहतो, म्हणून त्यांनी दारातल्या उताराच्या खड्ड्याजवळही कुणाला उभं राहू दिलं नाही. मग अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून साबणाचं पाणी आणलं गेलं. जोडावर लावलं. एकही बुडबुडा नाही.

“बघा,” अधिकारी म्हणाले.

“चकती बंद आहे साहेब. बंद असल्यावर बुडबुडा कुठून येईन?”

“मग चालू करा आणि दाखवा.”

“आतमधी नाई करनार.”

“का?”

“पोरीनं सांगतलं, येते.”

 सगळे माझ्याकडं बघत होते. मॅनेजर साहेब दात आवळून हसत होते. एक हमाल हळूच म्हणाला, “नाकानं नाक कापलं आज काकाचं.” मला मनापासून वाटलं की आता म्हणावं, माझी चूक झाली असेल. काकांना ते कळलं असावं. ते माझ्याकडं वळले.

“तू काय सांगतलं?”

“येते.”

“मंग झालं.”

त्यांनी कातडी हातमोजे चढवले. जोड सोडवला, पट्टा सोडवला, दोन हमालांना हात लावायला लावून सिलिंडर बाहेर मोकळ्या जागेत आणला, कडुनिंबाच्या झाडाखाली. तिथं उकिडवे बसले. बारीक काडी घेतली आणि जोडाच्या तोंडातली, गॅस अडवणारी रबरी चकली उकलून बाहेर काढली. तळहातावर ठेवून दोन बोटांनी ताणली. चकलीला चीर होती. केसाएवढी, पण पूर्ण आरपार. थंडीनं आखडलेलं रबर सकाळी साबण लावल्यानंतर केव्हातरी फाटलं होतं.

अधिकारी वाकून बघत होते. त्यांनी हेल्मेट काढलं. मिलचा वास तसाच येत होता. 

“हे आत पेटलं असतं...” अधिकारी म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, “वास नेमका कोणाला आला?”

“ऑपरेटरला,” मॅनेजर साहेब पटकन म्हणाले. “अनुभवी माणूस आहे साहेब. नाक म्हणजे काय विचारू नका. म्हणूनच तर त्यांना ठेवलंय.”

अधिकारी काकांकडं वळले. आदरानं वळले, हे मी बघितलं. काकांनी नुसती मान हलवायची होती. मी देवाचं नाव घेणाऱ्या घरातली नाही, पण मी मनात म्हणत होते, हलवा, काका, हलवा.

“मले नाई आला साहेब,” ते म्हणाले. “हिले आला. मले वासच येत नाई. तापात गेला तो गेलाच.”

मॅनेजर साहेबांनी कपाळाला हात लावला.

“येत नाही? अजिबात?” अधिकारी म्हणाले. “आणि तुम्ही गॅसच्या गाडीवर बसता?”

“बसतो. हिच्या नाकावर बसतो.”

“हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता मला लिहावं लागेल. तुम्हाला या गाडीवरून उतरावं लागेल.”

“लिहा ना,” काका म्हणाले. त्यांनी ती फाटकी चकली अधिकाऱ्यांच्या हातावर ठेवली. “पन हेबी लिहा, का हिनं सांगतलं. माझं नाव लिहासान तर उद्या हे पोरगी ‘येते’ म्हनन अन् लोक म्हनतीन, काकाले इचारा. मी तर उद्या नसन.”

ते उठले. गुडघे कडकडले. गोदामात जाऊन सीटवर ठेवलेला त्यांचा मफलर घेतला आणि चावी काढून मॅनेजर साहेबांच्या हातात दिली. गाडीचं तोंड त्या दिवशी आंबागडकडं न वळता दाराकडंच राहिलं. आत इंजिन सुरू करायचं नव्हतं. त्यांनी एकदा बघितलं आणि सोडून दिलं.

मी त्यांच्या मागं फाटकापर्यंत गेले. काय बोलावं ते सुचत नव्हतं. शेवटी म्हटलं, “काका, मी बोलले नसते तर तुम्ही वर असता.”

“वर म्हंजे? पार छतावर गेलो असतो ना,” ते म्हणाले. स्वतःच्याच विनोदावर ते खूप हसले. मोटारसायकलला किक मारता मारता पुन्हा हसले. “भंडारा जिल्ह्यात असं नाक नाई,” जाताना म्हणाले. त्यांच्या तोंडून जिल्ह्यातलं पहिलं नाव त्या दिवशी स्वतःचं नव्हतं.

आता ते मालकाच्या सिहोऱ्याकडच्या गोदामात बॅटरीची गाडी चालवतात. तिथं गॅस नाही, नाकाची गरज नाही. त्या गाडीला आवाज नाही, धाप नाही, म्हणून ते तिच्यावर नाराज आहेत, असं हमाल सांगतात. गॅसच्या गाडीवर सकाळी मी बसते. कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. त्यांच्यासारखे सुळे मला अजून बसवता येत नाहीत. लाकडाला लागतात, आणि हमाल न चुकता सांगतात.

पण मला लिहायचं होतं ते त्या दिवशीच्या संध्याकाळचं. मी घरी पोचले तेव्हा बाबा जेवायला बसले होते. बाबा मजुरीला जातात. माझ्या बाबांना कुठलीही गोष्ट तीन-चार खेपा सांगावी लागते. तहसीलच्या खिडकीपाशी, दवाखान्यात, ज्यांच्या शेतात धानाच्या रोवण्याला जातात त्या शेतमालकाच्या ओसरीवर, ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा, थोडं बदलून, थोडं खाली वाकून म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं अशीच बोलतात.

मी त्यांना सगळं सांगितलं. वास, अधिकारी, फाटकी चकली. काकांची खुर्ची गेली, तेही सांगितलं. बाबा भात कालवायचे थांबले. मला वाटलं, ते काकांबद्दल काही बोलतील.

“तू एक खेप सांगतलं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“अन् त्यानं गाडी बंद केली?”

“हो, बाबा.”

“इचारलं नाई, का खरंच का म्हनून?”

“नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ चावी फिरवली.”

बाबांनी ताट बाजूला सरकवलं. मग त्यांनी आतल्या चुलीकडं तोंड करून आईला हाक मारली. आई पदराला हात पुसत दारात आली.

“बस इथं,” बाबा तिला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “आता हिले सांग. पहिल्यापासून सांग.”